एक कुटुंब, पाच फायली: आश्रयाचा दावा फेटाळल्यानंतरची कामं

नकाराचं पत्र आलं की आधी कारणं वाचत बसू नका, मुदत बघा. दिल्लीतल्या यूएनएचसीआरने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या कचेरीने, आश्रयाचा दावा नाकारला तर अपिलाला साधारण ३० दिवस मिळतात आणि ते निर्णय कळल्या दिवसापासून मोजायचे असतात. पत्र हातात पडलं किंवा ईमेल आली तो दिवस पत्राच्या झेरॉक्सवरच लिहून ठेवा. अपील वेळेत गेलं तर निकाल लागेपर्यंत ते कुटुंब त्या कचेरीच्या लेखी अर्जदारच राहतं. मुदत टळली असेल तरी उशिराचं कारण पुराव्यासह लिहून पाठवा. बाळंतपण, हॉस्पिटल, पत्ता बदलल्यामुळे पत्र न मिळणं ही कारणं ऐकली जातात. ‘आम्ही फार खचलो होतो’ हे कितीही खरं असलं तरी त्याला डॉक्टरचा कागद लागतो.

मी शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. पोटगी, वारस, भाडेकरार ही रोजची कामं. परदेशी कुटुंबांचं काम भाडेकरारांच्या मागून आलं, कारण कोंढव्यातल्या ज्या घरमालकांचे करार मी करते त्यांचे भाडेकरू सुदानी, येमेनी, अफगाण असतात. पुण्यात शिकायला आले, मागे देश पेटला आणि इथेच अडकले, अशी बरीच घरं त्या भागात आहेत. हे लिहिते आहे ते त्यांना माझ्याकडे हाताला धरून आणणाऱ्या मराठी माणसांसाठी: घरमालक, शाळेतल्या बाई, पीएचडीचे गाइड, शेजारच्या काकू. मदतीची इच्छा सगळ्यांना असते, पण कुठल्या कचेरीत कशासाठी जायचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

दोन कचेऱ्या, दोन वेगळी कामं

पोलीस आयुक्तालयातली परदेशी नागरिक नोंदणी शाखा, जिला सगळे एफआरओ म्हणतात, ती भारत सरकारचं काम करते: नोंदणी, व्हिसाची मुदतवाढ, देश सोडायची परवानगी. निर्वासित कोण हे यूएनएचसीआर ठरवते, पण व्हिसा देणं तिच्या हातात नाही. भारताने १९५१ चा निर्वासितांचा करार किंवा १९६७ चा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही आणि आश्रयासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. म्हणून यूएनएचसीआरचं कार्ड मिळालं तरी इथे राहण्याचा कायदेशीर हक्क त्यातून येत नाही. उलट, कार्ड नाकारलं म्हणून चालू व्हिसा आपोआप रद्दही होत नाही. घाबरलेलं कुटुंब नेमकं इथेच चुकतं. नकार आला, आता सगळंच संपलं असं धरून व्हिसाची मुदतवाढसुद्धा मागत नाहीत आणि मग खरोखरच बेकायदेशीर होतात.

एफआरओचे अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर भरायचे असतात. २०१८ पासून हीच पद्धत आहे. कागद स्कॅन करून चढवायचे आणि बोलावलं तरच जायचं. वाकड, हिंजवडी, पिंपरीकडे राहणाऱ्यांनी पत्ता नीट बघून भरावा, कारण पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं झालं आहे.

व्हिसाबाबत १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू आहे, २०२५ चा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा. १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा त्याने रद्द केला. व्हिसा संपल्यावर राहिलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरलं तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे आकडे कुटुंबाला घाबरवायला सांगू नका, पण लपवूही नका. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला असेल तर तुम्ही नियमाने वागणारा माणूस म्हणून बोलता, आणि त्याने सगळ्याच बोलण्याचा सूर बदलतो.

फाइल नवऱ्याच्या नावाची, आयुष्यं पाच

आता मुख्य मुद्दा. अशा घरात बहुतेक वेळा एकच दावा केलेला असतो आणि तो नवऱ्याचा असतो. बायको-मुलं त्याच्या मागे टाचलेली. त्याचा दावा पडला की पाचही जणांचा पडला, असं सगळे समजतात. माझं सांगणं एवढंच असतं की टाचणी काढा. प्रत्येकाचा कागद वेगळा करा आणि प्रत्येकासमोर तीन प्रश्न लिहा. हा माणूस कुठल्या व्हिसावर आला आणि तो कधी संपतो? परत गेल्यास त्याला स्वतःला कशाची भीती आहे? ती भीती आजवर कुणासमोर सांगितली आहे का?

एका सुदानी कुटुंबाचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. यजमान पीएचडीला आलेले, बायको आणि थोरली मुलगी त्यांच्यावर अवलंबून म्हणून आलेल्या, धाकटे दोघे पुण्यात जन्मलेले. दावा यजमानांचा: २०१९ मध्ये खार्तुममध्ये निदर्शनांत पकडले गेलो होतो. तो फेटाळला गेला तारखांवरून. त्यांनी घटना सांगितली ती ‘रमजान संपता संपता’ अशी आणि लेखी जबाबात महिना वेगळा पडला. सैनिकी मुख्यालयासमोरचं धरणं मोडलं गेलं ते ३ जून २०१९ ला, आणि त्या वर्षी रमजान खरोखरच त्याच दिवसांत संपत होता. म्हणजे माणूस खरं बोलत होता, फक्त त्याचं कॅलेंडर वेगळं होतं. अपिलात आम्ही दोन्ही कॅलेंडरांचा तक्ता जोडला.

अपील लिहायची रीत हीच. नकाराच्या पत्रातल्या प्रत्येक कारणाला क्रमांक द्या आणि त्याच क्रमाने उत्तर लिहा: तुम्ही असं म्हणता, वस्तुस्थिती अशी, त्याचा कागद हा. दुःखाची लांबलचक कहाणी पुन्हा लिहू नका. ती फाइलमध्ये आहेच. मुलाखतीत काय विचारलं आणि काय सांगितलं हे विसरायच्या आत लिहून काढा. दुभाषा कुठली अरबी बोलत होता तेही लिहा, कारण सुदानी अरबी आणि इराकी अरबी ऐकायला पार वेगळ्या आहेत. पश्चिम सुदानातल्या दारफुरकडच्या माणसाची मातृभाषा तर अनेकदा अरबी नसतेच, मसालित किंवा फुर असते. दुसरा दुभाषा मागता येतो. अपील मूळ निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने तपासायचं असतं, त्यामुळे पहिल्या अधिकाऱ्याला दूषणं देण्यात अर्थ नाही.

बाईंकडे वळते. त्या ऑफिसात आल्या की यजमानांच्या शेजारी गप्प बसायच्या. एकदा मी यजमानांना झेरॉक्स काढायला खाली पाठवलं आणि त्यांना सोबत घेऊन आलेल्या काकूंनाही बाहेर बसायला सांगितलं. थोरली मुलगी आठ वर्षांची. गावाकडून सासूचा तगादा होता की पोरीची सुंता कधी करणार. सुदानमध्ये २०१४ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ८७ च्या आसपास स्त्रियांची ती झालेली होती. २०२० मध्ये तिथे कायद्याने तो गुन्हा ठरला, पण घराघरांत चालतच राहिली. बाईंची स्वतःची झालेली होती आणि मुलीची होऊ द्यायची नव्हती. हे त्यांनी आजवर कुठेच सांगितलं नव्हतं, कारण हा ‘राजकीय’ विषय नाही, नवऱ्याच्या दाव्याशी याचा काय संबंध, असं त्यांना वाटत होतं. वास्तविक निर्वासितांच्या कायद्यात हा मान्य झालेला आधार आहे आणि तो मुलीचा आणि आईचा स्वतःचा आहे.

कुटुंबातल्या प्रत्येक प्रौढाला वेगळी मुलाखत मागता येते. बाईंना मुलाखत घेणारी आणि दुभाषी दोन्ही स्त्रियाच असाव्यात असं आधी लेखी कळवता येतं. आणि हे उलट दिशेनेही चालतं: बाईंचा दावा मान्य झाला तर नवरा आणि मुलं त्यांच्यामागून त्या दर्जाला पात्र ठरू शकतात. उदाहरणातल्या बाईंचा दावा आता वेगळा दाखल आहे, निकाल अजून यायचा आहे.

अपीलही फेटाळलं असेल तर फाइल पुन्हा उघडण्याची विनंती उरते. ती सहज मान्य होत नाही. तुमची किंवा देशाची परिस्थिती लक्षणीय बदलली, आधी देता न आलेला भक्कम नवा पुरावा मिळाला, किंवा आधीचा निर्णयच चुकीच्या पद्धतीने झाला असं मानायला गंभीर कारण असलं तरच. सुदानच्या बाबतीत पहिलं कारण ढळढळीत आहे. १५ एप्रिल २०२३ ला तिथे सेना आणि आरएसएफ या निमलष्करी दलात युद्ध पेटलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एल-फाशेर शहर आरएसएफच्या हाती पडलं. यूएनएचसीआरने मे २०२३ मध्येच सगळ्या देशांना सांगितलं की सुदानी लोकांना, दावा फेटाळलेल्यांनाही, सक्तीने परत पाठवणं थांबवा. हे निवेदन छापून अर्जाला जोडा. पण ‘देशात युद्ध आहे’ एवढ्यावर थांबू नका. घर कुठल्या मोहल्ल्यात होतं, ते आता कुणाच्या ताब्यात आहे, जमात कोणती, मागे कोण राहिलं, हे लिहा.

नावांचा घोळ

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि लोकांना तो फुकट वाटतो. सुदानी नाव म्हणजे स्वतःचं, मग वडिलांचं, मग आजोबांचं. आडनाव नसतं. लग्नानंतर बाई नवऱ्याचं नाव लावत नाही. आपल्याकडचा फॉर्म मात्र आडनाव मागतो. त्यामुळे बापाचं ‘आडनाव’ त्याच्या स्वतःच्या आजोबांचं नाव, मुलाचं ‘आडनाव’ बापाच्या वडिलांचं, आणि बाईंचं तिसरंच. पुण्यात जन्मलेल्या धाकट्याच्या जन्मदाखल्यावर तर हॉस्पिटलच्या टेबलावर बसलेल्या कुणीतरी आईचं नाव आपल्या पद्धतीने घातलं होतं: तिचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पासपोर्टवर त्या नावाची बाई अस्तित्वातच नाही. दिल्लीतला अधिकारी विचारणार, ही आई कोण?

म्हणून एक तक्ता करा: प्रत्येकाचं पासपोर्टवरचं नाव, आणि समोर पुण्यातल्या प्रत्येक कागदावर ते कसं पडलं आहे. नावाच्या पद्धतीबद्दल एक प्रतिज्ञापत्र करा. जन्मदाखल्यातली चूक महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात दुरुस्त होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ मध्ये तशी तरतूद आहे. जन्मतारखेचंही बघा. बऱ्याच सुदानी कागदांवर १ जानेवारी असते, कारण नेमकी तारीख नोंदलेलीच नव्हती. घरात तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी दिसला तर ते आधीच लिहून टाका, विचारायची वाट बघू नका.

शाळेतल्या बाई आणि क्लार्कांना माझी कळकळीची विनंती: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो आणि तिथे सवयीने ‘भारतीय’ लिहिलं जातं. मुलगा सुदानी असेल तर ‘सुदानी’ लिहा. पुढे हाच दाखला ‘खोटं नागरिकत्व सांगितलं’ म्हणून समोर येतो. प्रवेश मात्र अडवू नका. ६ ते १४ वयाच्या मुलाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही. आणि पुण्यात जन्मलं म्हणून मूल भारतीय होत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलासाठी दोन्ही पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसलेला.

भारत सरकारकडे काय मागता येतं

कायमचा निवास असं सरळ काही नाही. लाँग टर्म व्हिसा आहे, एलटीव्ही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ ला स्वतःला निर्वासित म्हणवणाऱ्या परदेशी लोकांसाठी कार्यपद्धती घालून दिली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून छळाची रास्त भीती प्रथमदर्शनी दिसली, तर सुरक्षा तपासणीनंतर एलटीव्हीसाठी शिफारस होऊ शकते. या व्हिसावर खाजगी नोकरी आणि शिक्षण दोन्ही चालतं. त्या यादीतलं ‘लिंग’ लक्षात ठेवा. बाईंचा दावा वेगळा करण्याचा फायदा इथेही आहे.

यूएनएचसीआरने नाकारलेल्यांनी हा अर्ज करावा का? निर्णय भारत सरकारचा असतो आणि तो यूएनएचसीआरच्या निर्णयाने बांधलेला नाही. पण नकार फाइलवर असताना तुमची बाजू लंगडी असते, आणि त्याच कार्यपद्धतीत दावा निराधार ठरला तर परत पाठवण्याची कारवाईही लिहिलेली आहे. म्हणून वकिलाशिवाय हा अर्ज करू नका. अर्जाच्या दिवशी कुठलं परिपत्रक चालू आहे ते त्याला तपासू द्या, आणि नकार लपवू नका.

माझ्या अनुभवात शिक्षणाचा रस्ता अधिक पक्का आहे, आणि विद्यापीठाच्या गावात तो सोडून देणं शहाणपणाचं नाही. यजमानांची पीएचडी अजून चालू असेल तर विभागाकडून बोनाफाइड घ्या आणि व्हिसाची मुदत वाढवून घ्या. फी थकली म्हणून बोनाफाइड अडलं असेल तर गाइडने कुलसचिवांकडे हप्त्यांची लेखी विनंती करावी. कुटुंबाचा सगळा व्हिसा त्या एका कागदावर टांगलेला असतो. मोठं मूल बारावी झालं असेल तर त्याच्या स्वतःच्या नावावर विद्यार्थी व्हिसा मिळेल का हे एफआरओला आधी विचारा आणि मगच प्रवेशाचे पैसे भरा.

सीएएबद्दल, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याबद्दल, सगळे विचारतात. तो अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी आहे. तुमचं कुटुंब त्यात बसत असेल तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि आधी तो अर्ज करा.

कोर्टाबद्दल थोडक्यात. राज्यघटनेचं कलम २१, जगण्याचा हक्क, परदेशी माणसालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमांच्या प्रकरणात ते स्पष्ट म्हटलं. पण देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क फक्त नागरिकांना आहे, आणि मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या प्रकरणात ‘भारत ही धर्मशाळा नाही’ असं त्याच न्यायालयाने सुनावलं. प्रत्यक्ष हद्दपारीची नोटीस आली तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. राहायला मिळावं म्हणून आधीच धावत जाण्यात मला तरी फायदा दिसत नाही.

एजंट, घरमालक आणि बाकीचं

यूएनएचसीआर कुठल्याही कामाचे पैसे घेत नाही. ‘दिल्लीत आपला माणूस आहे’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नकारानंतर असे लोक हमखास येतात आणि पहिली गोष्ट देऊ करतात ती आधार कार्ड. वैध व्हिसावर वर्षभरात १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसाला आधार रीतसर मिळतं, त्याला एजंट लागत नाही, आणि ते नागरिकत्वाचा पुरावाही नाही. खोट्या पत्त्यावरचं, ‘भारतीय’ म्हणून काढलेलं आधार हा गुन्हा आहे, आणि त्यानंतर या कुटुंबाचा एकही खरा कागद कुणी खरा मानत नाही. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसाला नव्या कायद्यात २ ते ७ वर्षं कैद आणि १ ते १० लाख दंड आहे.

घरमालकांनी परदेशी भाडेकरूच्या नोंदीचा फॉर्म, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणत आले आहेत, तो भाडेकरू आल्यापासून २४ तासांत भरायचा असतो. तो भाडेकरूच्याही उपयोगाचा आहे: इथे उघडपणे राहत होतो याची ती सरकारी नोंद आहे. भाडं रोखीने घेऊ नका, पावती द्या.

तिसऱ्या देशाची वाट अरुंद आहे. ऑस्ट्रेलियाच्या २०२ क्रमांकाच्या मानवतावादी व्हिसाला यूएनएचसीआरची मान्यता सक्तीची नाही, पण तिथला कुणीतरी पुरस्कर्ता म्हणून उभा राहावा लागतो. नातेवाईक असेल तरच त्यात वेळ घाला. आणि कुठेही जायचं झालं तरी व्हिसा संपलेल्यांना एफआरओकडून एक्झिट परमिट लागतं. पुण्यात जन्मलेल्या बाळालाही लागतं आणि त्याआधी त्याचा पासपोर्ट. पासपोर्टसाठी स्वतःच्या दूतावासात जाण्यापूर्वी वकिलाला विचारा. ज्या सरकारची भीती सांगितली त्याच्याच दारात का गेलात, हा प्रश्न पुढे येऊ शकतो.

वकिलाचे पैसे नसतील तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणून अर्ज यजमानांच्या नावाने करू नका, बाईंच्या नावाने करा. पासपोर्ट, व्हिसा, नकाराचं पत्र आणि नावांचा तो तक्ता, सगळ्याच्या दोन-दोन प्रती न्या. दुभाषाही लागेल. तो नवरा किंवा दिरांपैकी कुणी नसावा.